जाणतात सगळेच

भिलाईच्या पॉवर हाऊस भागातून जामुलवरून नंदिनीच्या रस्त्याला लागलं की झाडांचा रंग हळूहळू बदलत जातो. ऐन पावसाळा सोडला तर रस्त्याकडेच्या पानांवर पांढरट थर बसलेला असतो. दल्ली राजहऱ्याच्या बाजूला हाच थर तांबडा असतो, कोरब्याकडे काळपट. छत्तीसगडात जमिनीच्या पोटात काय आहे हे समजायला भूगर्भशास्त्र शिकावं लागत नाही. पानावरून बोट फिरवायचं आणि बोट पाहायचं. अहिवाऱ्यात ते पांढरं होतं.

दुर्ग जिल्ह्यातलं अहिवारा हे छोटंसं नगरपालिकेचं गाव. एका अंगाला भिलाई पोलाद कारखान्याच्या नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी, दुसऱ्या अंगाला मलपुरीचा सिमेंट कारखाना, आणि उरलेल्या जागेत धानाच्या बांध्या. माझी मावशी लग्न होऊन भिलाईला गेली. काका पोलाद कारखान्यात होते. नागपूर-भंडाऱ्याकडची कितीतरी मराठी कुटुंबं तशीच तिथल्या सेक्टरांमधल्या क्वार्टरांत जाऊन राहिली आणि पुढे तिथलीच झाली. मावशीच्या शेजारीणबाईंचं माहेर अहिवाऱ्याचं. त्यांच्यामुळे माझं त्या गावात जाणं-येणं झालं आणि ओसरीवर बसून गप्पा ऐकायची सवय लागली.

हिवाळ्यात इकडे घरोघरी रखियाची बरी घालतात. रखिया म्हणजे कोहळा. उडदाची डाळ भिजवून वाटायची, कोहळ्याचा कीस घालून फेसायची आणि छतावर कापड अंथरून त्यावर सांडग्यांसारखे गोळे तोडायचे. हा दिवस ठरवताना बायका वारा पाहतात. कुठून वारा आला की छतावर धूळ येते, खाणीत सुरुंग उडाल्यावर हवा निवळायला किती वेळ लागतो, कोणत्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ तासभर शिजत ठेवली तरी मऊ होत नाही, हे सगळं त्यांच्या हिशेबात असतं. डाळ न शिजण्याचं कारण रसायनशास्त्रात आहे. चुनखडीच्या थरातून आलेल्या पाण्यात कॅल्शियम असतं, ते डाळीच्या पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं. बायकांना पेक्टिन माहीत नाही. कुठल्या बोअरचं पाणी कशाला वापरायचं, ते मात्र पक्कं माहीत आहे. मावशीचंही तसंच. भिलाईच्या क्वार्टरात मी धुणं वाळत घालायला निघाले की ती आतून ओरडायची, "अगं थांब, वारा प्लांटकडून येतोय, दुपारनंतर घाल."

आता याच बायकांसमोर एखादा तरुण कागद घेऊन बसला आणि त्यानं विचारलं, की हरितगृह वायू कोणते, ओझोनचा थर कुठे असतो, जागतिक पर्यावरण दिन कोणत्या तारखेला येतो, तर निम्म्याहून जास्त रकाने कोरे राहतील. अहवालात लिहिलं जाईल : ग्रामीण महिलांमध्ये पर्यावरणविषयक जाणीव कमी. मग जाणीव वाढवायला पथनाट्य येईल, भिंतीवर पृथ्वीचं चित्र येईल आणि चित्रातली पृथ्वी रडत असेल. वर्षभरात तिच्यावरही पांढरा थर बसेल.

पर्यावरणाची पाहणी करणाऱ्यांची एक ठरलेली तीन पायऱ्यांची शिडी असते : आधी ज्ञान, मग दृष्टिकोन, मग आचरण. माणसाला माहिती दिली की त्याचं मत बदलतं आणि मत बदललं की हात बदलतात, अशी त्यामागची समजूत. ऐकायला ती बरोबर वाटते. पण मधुमेह झालेला डॉक्टर जिलबी खाताना आपण सगळ्यांनीच पाहिलेला आहे.

१९७७च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या तिबिलिसी शहरात पर्यावरण-शिक्षणावर पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी ती भरवली. तिथे ठरलेली उद्दिष्टं पाच होती : जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. आपण पहिल्या तीन शब्दांवर परीक्षा घेतली, चौथ्यावर प्रकल्पाच्या वह्या भरल्या आणि पाचवा शब्द बाजूला ठेवून दिला. सहभाग म्हणजे वृक्षदिंडीत टोपी घालून चालणं, इतकाच त्याचा अर्थ उरला. नदीचं काय करायचं, खाण कुठपर्यंत न्यायची, डोंगर कुणाला द्यायचा, हे ठरवताना माणसाला जागा असणं हा त्याचा खरा अर्थ कुणी शिकवला नाही.

भारतात या शिक्षणाला कायद्याचं बळ मिळालं ते सर्वोच्च न्यायालयामुळे. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयानं आदेश दिला. चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळात पर्यावरणाच्या स्लाइड फुकट दाखवाव्यात, आकाशवाणी-दूरदर्शननं रोज थोडा वेळ द्यावा आणि शाळा-कॉलेजांत पर्यावरण हा सक्तीचा विषय व्हावा, असं त्यात होतं. त्या आदेशामुळेच आज महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या मुलांच्या दप्तरात 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हे पुस्तक असतं आणि पदवीला पर्यावरणाचा पेपर असतो. माझ्या भाचीचा प्रकल्प मी पाहिला आहे. विषय : नदीप्रदूषण. गंगा होती, टेम्स होती, रंगीत चित्रं होती. घरामागून वाहणारी नाग नदी नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "तिच्यावर माहितीच मिळत नाही गं. आणि मॅडमना गंगाच चालते." तिला पूर्ण गुण मिळाले.

न्यायालयाचा हेतू चांगलाच होता. पण त्याच वर्षी, त्या आदेशाच्या दोन महिने आधी भिलाईत जे घडलं ते त्या पाठ्यपुस्तकांत मला कधी सापडलं नाही. २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे शंकर गुहा नियोगी यांचा हुडको वसाहतीतल्या घरात, झोपेत असताना, गोळी घालून खून झाला. नियोगी कामगारांचे पुढारी होते. दल्ली राजहऱ्याच्या लोहखाणींतल्या कंत्राटी मजुरांची संघटना त्यांनी बांधली. दारू सोडायला लावली, मजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमातून १९८३मध्ये शहीद हॉस्पिटल उभं केलं. याच नियोगींनी 'हमारा पर्यावरण' नावाचा लेख लिहिला होता, आणि त्यांच्या संघटनेनं 'अपने जंगल को पहचानो' अशी मोहीम चालवली होती. खाणीत घण मारणारा माणूस संध्याकाळी झाडांची नावं सांगतो, रोपं लावतो, नदीत कोण काय सोडतं हे विचारतो, हे तेव्हा नवीन होतं. मजुरी, दारू, दवाखाना आणि जंगल हे त्यांच्या दृष्टीनं एकाच यादीतले विषय होते. सप्टेंबरात ती यादी करणारा माणूस गेला आणि नोव्हेंबरात पर्यावरण हा स्लाइड दाखवायचा विषय झाला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. तरी त्या शेजारी ठेवून पाहिल्या की आपण कोणत्या वाटेनं जायचं टाळलं ते दिसतं.

नंदिनीच्या चुनखडीची गोष्ट या पुस्तकांत असती तर मुलांना केवढं तरी कळलं असतं. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. तिला खनिज दल्ली राजहऱ्याचं आणि चुनखडी नंदिनीची. भट्टीत चुनखडीचं काम माती-वाळूचा अंश धरून ठेवायचं. ती सिलिकाला मिळते, तिची मळी होते आणि लोखंड खाली मोकळं उतरतं. ही मळीही वाया जात नाही, सिमेंटमध्ये जाते. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी तापली की, ती अगदी शुद्ध असेल तर, तिच्या वजनाचा ४४ टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत निघून जातो. कोळसा न जाळता कुठल्याही स्वच्छ ऊर्जेवर ती भट्टी पेटवली तरी हा वायू निघणारच, कारण तो दगडाच्या आतच आहे. देशभरातले बहुतेक रेल्वेचे रूळ भिलाईचे, आणि नागपुरातल्या कितीतरी घरांच्या स्लॅबमध्ये छत्तीसगडची चुनखडी. अहिवाऱ्याच्या पानांवर बसलेला पांढरा थर म्हणजे आपल्याच भिंतींची सांडलवंड. हे वाचलेल्या मुलाला पर्यावरण म्हणजे ध्रुवावरचं अस्वल असं वाटणार नाही.

पण माहितीचा प्रश्न मला फार मोठा वाटत नाही. या मुलखात माहितीचा दुष्काळ कधी नव्हता. इथला शेतकरी जमिनीला नुसतं जमीन म्हणत नाही. कन्हार, मटासी, डोरसा, भाठा अशी तिची प्रत सांगतो आणि कोणत्या प्रतीत कोणता धान लावायचा तेही सांगतो. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात रायपूरच्या भात संशोधन केंद्रातून गावोगाव फिरून धानाच्या हजारो जाती गोळा केल्या. तो संग्रह आज रायपूरच्या कृषी विद्यापीठात आहे. त्या जाती कुठल्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या नाहीत. प्रत्येक पिशवीत एखाद्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवलेलं ज्ञान आहे. २००२मध्ये हा संग्रह एका परदेशी बियाणे कंपनीबरोबरच्या करारात जाणार अशी बातमी फुटली, तेव्हा शेतकरी, पत्रकार आणि कार्यकर्ते उठले आणि करार बारगळला. लोकांना वेळेवर कळलं आणि आपण बोललो तर फरक पडेल असं वाटलं, तेव्हा ते बोलले.

तळ्यांचंही तेच. छत्तीसगडीत तळ्याला तरिया म्हणतात. जुन्या गावांबद्दल 'छै आगर छै कोरी' अशी बोलण्याची रीत आहे : सहा विसा आणि वर सहा, म्हणजे १२६ तळी. पिण्याचं तळं वेगळं, आंघोळीचं वेगळं, गुरांचं वेगळं. नवं तळं खोदलं की त्याचं लग्न लावायचे आणि मधोमध लाकडी खांब रोवायचे. लग्न लागलेल्या तळ्यात घाण करायला माणूस कचरतो, आणि पाणी किती उरलं हे त्या खांबावरून सगळ्या गावाला दिसतं. पर्यावरणाचा एवढा चोख धडा मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

विदर्भातल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना लाडानं मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजानं बांधलेली ही तळी, त्यांतलं नवेगाव बांध तर सगळ्यांना ठाऊक आहे. छत्तीसगड आणि विदर्भ स्वातंत्र्याच्या काळात एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. १९५०च्या एकाच कायद्यानं दोन्हीकडची मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची सत्ता, संपली. ती संपायलाच हवी होती. मालगुजार काही संत नव्हते. पण त्याबरोबर तळ्याचा गाळ कुणी काढायचा, पाट कुणी दुरुस्त करायचा, पाळीनं पाणी कसं सोडायचं हे ठरवण्याची गावाची घडीही मोडली. तळं सरकारी झालं. गाळ काढायला निविदा लागू लागली. मासेमारी करणाऱ्या ढिवरांना कोणत्या महिन्यात कोणता मासा अंडी घालतो हे काल माहीत होतं, आजही माहीत आहे. फक्त तळ्याचं काय करायचं हे ठरवताना त्या माहितीची गरज कुणाला उरली नाही. ज्या ज्ञानाची कुणी गरज ठेवत नाही, ते पुढच्या पिढीला द्यायचा उत्साह हळूहळू संपतो. मग नातू तळ्याच्या काठावर गुटख्याची पुडी टाकतो आणि आपण म्हणतो, याला संस्कार नाहीत.

अहिवाऱ्याहून फार लांब नसलेल्या शिवनाथ नदीवर याच्या पुढची पायरी झाली. तेव्हाच्या मध्य प्रदेशात, १९९८मध्ये, दुर्गजवळच्या बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवायचं म्हणून नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा एका खासगी कंपनीच्या हाती गेला. करार २२ वर्षांचा. काठच्या गावांना तो कळला तो जाळी टाकायला मनाई झाली आणि पंप काढायला सांगितले तेव्हा. छत्तीसगड राज्य झाल्यावर आंदोलनं पेटली आणि विधानसभेच्या लोकलेखा समितीनं २००७मध्ये करार रद्द करण्याची शिफारस केली. ज्यांच्या घरात नदीची आरती होते, छठला आणि कार्तिकात ज्यांच्या बायका पहाटे घाटावर उतरतात, त्यांना नदी दिली जात असल्याची साधी खबर नव्हती. नदीवर त्यांचं प्रेम होतं, नदीचं ज्ञान होतं, सवयीही होत्या. शिडीच्या तिन्ही पायऱ्या ते चढलेले होते आणि वर दार बंद होतं.

दार उघडं असावं म्हणून कायद्यानं एक सोय केलेली आहे. मोठी खाण किंवा कारखाना यायचा असेल तर १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना, प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष, संपूर्ण कामकाजाचं चित्रीकरण. कागदावर हे फार सुरेख आहे. त्याच अधिसूचनेत असंही लिहिलं आहे, की सुनावणी सुरू करायला गणसंख्येची अट नाही. म्हणजे मंडपात दहा माणसं असली तरी जनतेचं ऐकून घेतलं असं होतं.

जनसुनावणीत मंडप असतो, पंखे असतात, पोलिसांची गाडी असते. पुढच्या खुर्च्यांवर ओळखीची माणसं बसतात आणि कारखान्यानं रोजगार कसा येईल ते बोलतात. जाडजूड अहवालात धूळ किती मायक्रोग्रॅम आहे याचे तक्ते असतात. मागे उभ्या असलेल्या बाईला ठाऊक असतं, की सुरुंग उडाला की घराच्या कोणत्या भिंतीला चीर जाते आणि विहीर आता होळीलाच तळ दाखवते. तिची माहिती तक्त्यात बसत नाही आणि माईक तिच्यापर्यंत येत नाही. एकदा अहिवाऱ्याच्या ओसरीवर याच विषयावर बोलणं चाललं होतं. मी जरा शहाणपणानं म्हणाले, की लोकांना यातलं कळायला पाहिजे. खाटेवर बसलेले एक सियान, म्हणजे गावातले म्हातारे जाणते, शांतपणे बोलले, "जानथन तो सब्बो, फेर पूछथे कोन?" जाणतो तर सगळंच, पण विचारतंय कोण?

त्या एका वाक्यानंतर पाहण्यांचे अहवाल वाचताना मी आधी हेच शोधते : यांना कुणी काही विचारलं होतं का?

जिथे विचारलं जातं तिथे सवयी किती झपाट्यानं बदलतात, याचा दाखलाही छत्तीसगडातच आहे. २०१५च्या सुमारास अंबिकापूर शहरानं कचऱ्याचं काम बचत गटांच्या बायकांकडे दिलं. घरोघरून ओला-सुका वेगळा घ्यायचा, केंद्रावर नेऊन पुन्हा वेचायचा, विकण्याजोगं विकायचं. शहराबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगराच्या जागी बाग झाली. पुढे ही पद्धत राज्यातल्या इतर शहरांत आणि गावांत गेली. अहिवाऱ्यासारख्या गावातही सकाळी कचरा गोळा करणाऱ्या बायका, म्हणजे स्वच्छता दीदी, तीनचाकी रिक्षा घेऊन फिरतात. शेजारीणबाईंच्या वहिनी सुरुवातीला सगळं एकाच बादलीत टाकायच्या. दीदी गल्लीतलीच, नात्यानं वहिनींची काकी लागणारी. एके दिवशी तिनं दारातच बादली उलटी करून सॅनिटरी पॅड आणि भाताच्या भांड्यातलं खरकटं वेगळं केलं आणि म्हणाली, "मोर हाथ ए बेटी." हात माझे आहेत गं. त्या दिवसापासून त्या घरात दोन बादल्या आहेत. भिंतीवरच्या रडणाऱ्या पृथ्वीनं जे झालं नाही ते ओळखीच्या बाईच्या हातांनी झालं. आपल्या वागण्याचा त्रास कुणाला होतो हे समोर उभं राहिलं, आणि तिला उत्तर देणं भाग पडलं.

इथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. दोन बादल्यांनी चिमणीचा धूर थांबत नाही. कापडी पिशवी घेऊन बाजारात जाणाऱ्या माणसाला आपण पुष्कळ केलं असं वाटू लागतं आणि सगळी जबाबदारी त्याच्याच खांद्यावर टाकायला सगळ्यांनाच सोपं जातं. महाराष्ट्रात २०१८मध्ये प्लास्टिकबंदी आली तेव्हा दंड भरला तो भाजीवाल्यानं. त्याच्या टोपलीपर्यंत पिशव्या पोचवणारे कारखाने आपल्याला दिसलेही नाहीत. तरी घरातली सवय मला क्षुल्लक वाटत नाही. जी बाई आपल्या दारातल्या बादलीबद्दल उत्तर देते, तिला खाणीच्या धुळीबद्दल उत्तर मागण्याचाही धीर येतो. निदान यायला हवा. उत्तर देण्याची आणि उत्तर मागण्याची अशा दोन्ही सवयी एकत्र लागल्या तरच त्यांना पर्यावरणाची सवय म्हणता येईल.

नंदिनीच्या पडीक खाणींच्या जमिनीवर काही वर्षांपूर्वी राज्य सरकारनं ८८५ एकरांवर मानवनिर्मित जंगल लावण्याचा प्रकल्प हाती घेतला. खाणींच्या उत्पन्नातून जिल्ह्यासाठी जो खनिज निधी निघतो त्याचा पैसाही त्यात लागला. वड-पिंपळ लावले. खाणीच्या जुन्या खड्ड्यांत साठलेल्या पाण्यावर अडई बदकं आणि उघड्या चोचीचे करकोचे उतरतात. जे खोदलं ते भरून काढायचा हा प्रयत्न चांगलाच आहे, त्याला नाक मुरडण्याचं कारण नाही. पण रोपं लावणं हे पहिल्या वर्षाचं काम. जंगल होणं हे पन्नास वर्षांचं. त्या पन्नास वर्षांत सरकारं बदलतील, निधीचे रकाने बदलतील. टिकून राहतील ती शेजारची गावं. गुरं कुठे चरवायची, सरपण किती घ्यायचं, मोहाची फुलं वेचायला कुणी जायचं, वणवा लागला तर कुणी धावायचं, हे त्या गावांनी बसून ठरवलं तर तिथे जंगल होईल. त्यांना फक्त कुंपणाबाहेर उभं केलं तर फलक राहील.

हे स्वप्नरंजन नव्हे. आपल्याच गडचिरोलीत, धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावानं ते करून दाखवलं आहे. देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते गाव देशभर माहीत झालं. २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. हक्काची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यामागचा अभ्यास गट अधिक मोलाचा वाटतो. गावकरी बसून एखादा विषय घेतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, स्वतःचं माहीत असलेलं सांगतात, वाद घालतात. मग ग्रामसभेत निर्णय होतो आणि तो सर्वसहमतीनं होतो. पोळं न जाळता, माश्या न मारता मध काढायची रीत अशाच अभ्यासातून रुजली. तिथे अभ्यास कुणी गुणांसाठी करत नाही. उद्या आपल्याला ठरवायचं आहे म्हणून करतात. ज्याला ठरवायचं असतं तो अभ्यास करतो. ज्याला नुसतं ऐकायचं असतं तो जांभई देतो. लोकांमध्ये जाणीव कमी आहे असं म्हणण्याआधी ही साधी गोष्ट लक्षात घेतली तर पुष्कळ पथनाट्यांचा खर्च वाचेल.

म्हणून माझं मत आता पक्कं झालं आहे. लोकांना पर्यावरण शिकवायची घाई थोडी कमी करावी आणि त्यांना विचारण्याची घाई वाढवावी. शाळेतल्या मुलाला गंगेचा तक्ता काढायला लावण्यापेक्षा घरामागच्या नाल्यात कुणाचं पाणी येतं ते शोधून नगरपालिकेला पत्र लिहायला लावावं. त्या पत्राला उत्तर आलं की नाही, यावर गुण द्यावेत; मुलाला नव्हे, नगरपालिकेला.

आणि तुम्हाला, वाचकांना, एवढंच सांगायचं आहे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची जनसुनावणीची सूचना येते. ती तुमच्या तालुक्याची असेल तर कापून ठेवा. प्रकल्पाचा सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि गावाच्या पंचायतीत किंवा नगरपालिकेत ठेवलेला असतो. तो मागून घेऊन वाचा. सुनावणीला जा आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. त्यांनाच पुढे बोलू द्या, कारण विहिरीचं पाणी कधी आटायचं ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. कामकाज संपल्यावर उठून जाऊ नका. झालेल्या चर्चेचा सारांश सगळ्यांसमोर स्थानिक भाषेत वाचून दाखवला पाहिजे, असं अधिसूचनेतच लिहिलेलं आहे. तो वाचून दाखवा असं म्हणा, आणि त्यात त्या माणसाचं बोलणं आलं आहे की नाही ते ऐकूनच घरी या.